घरातील हवा आणि कुटुंबाचे आरोग्य

कांदा साठवावयाचा झाला, तर चाळीला खालून व बाजूंनी हवा मिळेल अशी तजवीज शेतकरी कटाक्षाने करतो. गोठा कोंदट असेल तर दुभत्या जनावराचे दूध कमी होते, हेही तो जाणतो. परंतु ज्या घरात लहान मुले, बाळंतीण व वृद्ध माणसे दिवसाचा बहुतेक वेळ काढतात, तेथील हवेचा विचार क्वचितच केला जातो.

निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. शरीरात सतत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडली, तरच ते स्थिर राहते. भोवतालची हवा शरीराइतकी तापली, म्हणजे घाम सुकणे हाच शरीर निवण्याचा मुख्य मार्ग उरतो. आणि हवा दमट असेल तर घामही नीट सुकत नाही. म्हणूनच वाळ्याचे ओले पडदे व कूलर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडतात, कोकणच्या दमट हवेत त्यांचा फारसा लाभ होत नाही. कूलर चालू असताना समोरची एखादी खिडकी उघडी ठेवावी. अन्यथा खोलीत दमटपणा साचून उकाडा वाढतो.

मातीच्या जाड भिंतींचे धाब्याचे घर सावकाश तापते. त्यामुळे भर दुपारीही आत गारवा राहतो. पत्रा मात्र लवकर तापतो आणि खालच्या माणसांवर उष्णता टाकतो. यावर उपाय साधे आहेत. उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर चुना किंवा पांढरा रंग द्यावा. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो. तापलेली हवा वर चढते, म्हणून छपराखाली समोरासमोर झरोके ठेवावेत. दुपारी खिडक्या झाकाव्यात व रात्री बाहेर गारवा आल्यावर उघडाव्यात.

धुराचा प्रश्न याहून गंभीर आहे. घरातील धुराने व प्रदूषित हवेने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला. तरी ज्या घरांत लाकूड व गोवऱ्या जळतात, तेथे धूर प्रथम स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या व तिच्याजवळ बसलेल्या मुलाच्या छातीत जातो. अशा चुलीला छपराबाहेर जाणारे धुराडे असावे व सरपण वाळलेले असावे. थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही निजू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो प्राण घेतो.

उन्हाळ्यात कोणी बरळू लागल्यास किंवा बेशुद्ध पडल्यास तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा व विनाविलंब दवाखान्यात पोहोचवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी झरोका, छप्पर व चूल या तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. भिंतीत वेळीच पाडलेला एक झरोका पुढील अनेक दुखणी टाळू शकतो.