नवे स्पीकर आणि कानांचा आठवड्याचा कोटा

रात्री दहाच्या सुमारास ठाण्याहून डोंबिवलीला घरी आलो, गाडी लावली आणि झोपलो. सकाळी किल्ली फिरवताच स्टिरिओ असा काही ओरडला की सोसायटीच्या वॉचमनने वळून पाहिले. आवाजाच्या बटणाला रात्रीपासून कोणी हात लावला नव्हता. छोट्या गाडीत बाहेरून नवे स्पीकर बसवून घेतलेल्या अनेकांना हा अनुभव आला असेल.

याची कारणे दोन. रात्री मुंब्रा बायपासवर आजूबाजूला कंटेनर घरघरत असतात. टायर आणि इंजिन यांचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो आणि गाण्यातला ठेका तो गिळून टाकतो. मग आपण आवाज वाढवतो. पुढे शीळफाट्याच्या कोंडीत गाडी रांगू लागते, गोंगाट उतरतो, बटण मात्र तिथेच राहते. दुसरे कारण कानातले. तास-सव्वा तास मोठा आवाज ऐकला की अंतर्कर्णातल्या केसपेशी थकतात आणि ऐकण्याची क्षमता तात्पुरती घसरते. रात्रभराच्या विश्रांतीने ती सावरते आणि सकाळी खरा आवाज कळतो.

‘सावरते ना, मग झाले’ असेच पूर्वी तज्ज्ञही म्हणत. पण २००९ साली शेरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले की, मोठ्या आवाजानंतर ऐकणे पूर्ववत झाले तरी केसपेशी आणि श्रवणचेता यांच्यातले अनेक जोड कायमचे तुटलेले असतात. केसपेशी मेल्या तर त्याही माणसात पुन्हा उगवत नाहीत. प्रत्येक कानात त्या जेमतेम पंधरा-सोळा हजार असतात.

ठाण्यात आवाजाचा विषय निघाला की डॉ. महेश बेडेकर यांची जनहित याचिका आणि तिच्यावरचा मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१६ चा निकाल आठवतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आता बऱ्याच जणांना पाठ आहे. पण ती बाहेरच्या आवाजाची. काचा वर केलेल्या गाडीत कोणी मीटर घेऊन बसत नाही.

कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे माप सोपे आहे. आठवड्याला ४० तास ८० डेसिबल. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. आता डोंबिवली-ठाणे एका बाजूला सव्वा तास धरा. ९२ डेसिबलने गाणी ऐकत गेलात-आलात, तर सोमवारी संध्याकाळी घरी पोचता पोचता आठवड्याचा कोटा संपला. पाचही दिवस ऐकायचे असेल तर सरासरी ८५ च्या आसपास थांबावे लागते. मोबाइलवरच्या मोजणी ॲपने अचूक नाही, तरी ढोबळ अंदाज येतो; फोन कानाजवळ धरून शेजारच्याने मोजावे, चालकाने नव्हे.

गंमत अशी की, स्पीकरच्या दुकानातही हाच ३ चा आकडा भेटतो, पण उलट्या अर्थाने. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला तो ‘थोडासा जास्त’ एवढाच वाटतो. म्हणजे दुप्पट ताकदीचे पैसे मोजून जो फरक धड कळतही नाही, त्याने कानांची मुदत मात्र निम्मी होते. खोक्यावर ठळक छापलेल्या ‘पीएमपीओ’ वॅटकडे तर पाहूच नये. विचारायचे असेल तर ‘आरएमएस’ वॅट आणि स्पीकरची संवेदनशीलता विचारा. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज पुरते आणि कंपनीच्या स्टिरिओवर वेगळा ॲम्प्लिफायर न लावताही भागते.

माझे मत विचाराल तर खर्च दरवाजावर करावा. छोट्या गाडीच्या दरवाजाचा पत्रा पातळ असतो आणि आतल्या बाजूला मोठी भोके असतात. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हाच मागे हवा विरळ करतो. मागची लहर त्या भोकांतून पुढे आली की दोन्ही एकमेकींना खोडतात आणि धमक गायब होते. पत्र्याला डॅम्पिंग शीट चिकटवून भोके बंद केली की तेच साडेसहा इंची स्पीकर कमी आवाजात भरदार वाजतात. शिवाय रस्त्याचा गोंगाटही थोडा कमी आत येतो. सबवूफरची तर छोट्या गाडीत फारशी गरजच नसते. ५० हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब असते, केबिन त्याहून कितीतरी आखूड. त्यामुळे बंद केबिनमध्ये खालच्या सुरांचा दाब आपोआप वाढतो. आणि मागच्या सीटवर लहान मूल बसत असेल तर मागच्या दाराचा स्पीकर त्याच्या कानापासून हातभरावरच असतो, हे स्टिरिओचा बॅलन्स लावताना लक्षात ठेवा.

आवाजाने होणारा बहिरेपणा सहसा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. माणसांचे बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटू लागतात. मंडईत भाजीवाली ‘साठ’ म्हणते आणि आपल्याला ‘आठ’ ऐकू येते. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा घरचे टीव्हीचा आवाज कमी करा म्हणू लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऑडिओमेट्री करून घ्यावी. ही तपासणी दुखत नाही.

मी दरवाजांचे काम मे महिन्यात करून घेतले. आता रात्री बटण पूर्वीपेक्षा बरेच खाली असते आणि सकाळी वॉचमन वळून पाहत नाही. तुम्ही करून घेणार असाल तर कारागिराला दोन गोष्टी आधी सांगा. वायर कापू नका, कपलर वापरा. आणि दरवाजाच्या तळाशी असलेली बारीक छिद्रे शीटने बुजवू नका. पावसाचे पाणी काचेवरून दरवाजात उतरते आणि तिथूनच बाहेर जाते. ती बुजली तर जुलैत गाडी वळवताना दरवाजात पाणी डुचमळते, आणि पुढच्या वर्षी पत्रा गंजलेला असतो.