आदिवासींच्या उत्सवाचे यजमान कोण?

९ ऑगस्ट हा दिवस ‘जागतिक आदिवासी दिन’ म्हणून पाळावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९९४ मध्ये ठरविले. १९८२ साली याच तारखेस जिनिव्हा येथे मूलनिवासी जनसमूहांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक भरली होती, एवढेच त्या तारखेचे माहात्म्य. परंतु जिनिव्हातल्या एका बैठकीची ही तारीख आज पालघर, नाशिक, नंदुरबार जिल्ह्यांतील पाड्यापाड्यांवर ठाऊक झाली आहे. त्या दिवशी तालुक्याच्या गावी मिरवणुका निघतात, ढोल आणि तारपा वाजतो, भर बाजारपेठेत फेर धरला जातो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या पोषाखाची आणि बोलीची लाज वाटावयास लावली गेली, तो समाज असा वाजतगाजत रस्त्यावर येतो, याचे मोल रुपयांत करता येणार नाही.

तरीही अशा समारंभांच्या बाबतीत रुपयांचा प्रश्न विचारलाच पाहिजे. समारंभाचा यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा वरवर पाहता शिष्टाचाराचा प्रश्न आहे. वास्तविक तो अर्थशास्त्राचा आहे. यजमान तो, जो काय दाखवावयाचे ते ठरवितो आणि ज्याच्या गावात खर्च होतो. शहरातील सभागृहात भरलेल्या महोत्सवात मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक, निवेदक, छापील पत्रिका यांवर पैसा जातो आणि नाचणाऱ्यांच्या वाट्यास प्रवासभाडे व मानधन येते. एरवी रात्रभर चालणारा नाच तेथे दहा मिनिटांत उरकावा लागतो. कलावंत त्या समारंभाचा विषय असतो, धनी नसतो.

वारली समाजाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. आज साड्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर, चहाच्या कपांवर जी वारली चित्रे दिसतात, त्यांचे मूळ लग्नघरातील चौकात आहे. कुडाची भिंत शेणामातीने लिंपावयाची, तिला गेरूचा हात द्यावयाचा आणि तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून सुवासिनींनी त्यावर चौक लिहावयाचा. मध्यभागी पालघट देवी. चौक नुसता लिहून भागत नसे. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, विधीची गाणी म्हणे, तेव्हाच लग्न लागे. येथे ब्राह्मण नाही, पोथी नाही. पौरोहित्य बाईकडे आणि चित्रकलाही बाईकडेच. कलेतील स्त्रीच्या स्थानाविषयी नागर समाजाने बरेच लिहिले आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ते स्थान न लिहिताच मान्य झालेले होते.

या लग्नाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून थोडीबहुत रक्कम कर्जाऊ घ्यावयाची आणि त्या बदल्यात नवराबायकोने त्याच्या घरी राबावयाचे, ही ‘लग्नगडी’ची पद्धत ठाणे जिल्ह्यात होती. कर्ज थोडे आणि वेठ जन्माची. १९४५ साली वारल्यांनी या वेठीविरुद्ध जो उठाव केला, त्याची कहाणी गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे. ज्या लग्नात भिंतीवर देवी उमटे, त्याच लग्नात माणूस गहाण पडे. या कलेचे कौतुक करताना तिच्या भोवतीचे दारिद्र्य हे जणू तिचे पार्श्वसंगीत आहे, अशी जी एक हळवी दृष्टी शहरात आढळते, तिला वारल्यांचा इतिहास मुळीच पाठिंबा देत नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त या भागात आले आणि त्यांच्या प्रोत्साहनाने चित्र भिंतीवरून कागदावर उतरले. गंजाडजवळच्या जिव्या सोमा म्हसे यांनी पुढे या कलेला जगापुढे नेले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात स्थान, २०११ साली पद्मश्री आणि २०१८ साली निधन, असा त्यांचा प्रवास आहे. त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही. चित्रविक्रीमुळे अनेक पाड्यांवर पैसा आला, हेही खरेच. मात्र चौक बाजारात जाताच कुंचला मुख्यतः पुरुषांच्या हाती गेला. विकावयाचे चित्र विधीतून सुटले होते आणि विधीतून सुटलेल्या चित्राला सुवासिनीची गरज उरली नव्हती.

धवलेरीच्या गाण्याला तर बाजार मिळालाच नाही. याचे कारण कलेच्या गुणवत्तेत नसून वस्तूच्या स्वरूपात आहे. चित्र हे कलावंतापासून अलग करता येते, त्याला घडी घालता येते, त्याचा ठसा करून लाखभर वार कापडावर उमटविता येतो. गाण्याचे तसे नाही. तारप्याचेही नाही. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाचे पान आणि मेण एवढ्यांतून हे वाद्य बनते. परंतु ते वाजविण्यास दमसास लागतो आणि ऐकावयास फेर धरणारी माणसे लागतात. वादक चालेल तसे नर्तक त्याच्याभोवती वळसे घेत जातात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहून एक अडचण मांडली होती. कारखान्यातील कामगार यंत्राच्या साहाय्याने दरवर्षी अधिक माल काढतो व त्याची मजुरी वाढते. चौघांनी वाजवावयाची रचना वाजविण्यास मात्र शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. म्हणून प्रयोगकला उत्तरोत्तर महाग होत जातात. हा विचार पाश्चात्य नाट्यगृहांना आणि वाद्यवृंदांना उद्देशून होता, पण तो तारप्याला अधिकच लागू पडतो. तारप्याची एक रात्र ही एक रात्रच राहते, आणि वापी वा बोईसरच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या तरुणाला ती रात्र पूर्वीपेक्षा कितीतरी महाग पडते. एका खाड्याचा रोज जातो तो वेगळाच.

कायद्याचे संरक्षण किती पुरेल? वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. हे ‘आयुश’ या आदिवासी युवकांच्या संस्थेचे श्रेय आहे. पण ही नोंदणी मुळात नावाचे रक्षण करते. ‘वारली’ हा शब्द न वापरता कोणी ते त्रिकोण आणि वर्तुळे कापडावर छापली, तर तिचा उपयोग फारसा होत नाही. शिवाय हा कायदा वस्तूंसाठी आहे. गाणे आणि नाच त्याच्या कक्षेतच येत नाहीत. २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने मूलनिवासींच्या हक्कांचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या एकतिसाव्या कलमात सांस्कृतिक वारशावरील त्यांचा ताबा मान्य केला आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले होते. अर्थात जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे.

मग चित्र, गाणे आणि फेर ही तिन्ही एकत्र नांदतात असे ठिकाण उरते ते समाजाने स्वतः भरविलेल्या उत्सवाचे. आदिवासी एकता परिषदेचे सांस्कृतिक महासंमेलन दरवर्षी जानेवारीच्या मध्यास महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान यांपैकी एखाद्या ठिकाणी भरते. २०२० साली ते पालघरला भरले होते. तेथे भिल्ल, कोकणा, वारली, राठवा एकमेकांचे नाच पाहतात. प्रेक्षक आणि कलावंत यांच्यात तेथे फारसा भेद नसतो. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा घ्या, किंवा अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी घ्या. देवतांचे मुखवटे घालून सोंगे निघतात ती गावासाठी. नवस बोललेले नर्तक रात्रभर नाचतात ते नवस फेडण्यासाठी. पाहावयास कोणी आले तर हरकत नसते, न आले तरी काही अडत नाही.

चित्रपट ही तर सर्वांत खर्चिक कला, तेथे समाजाची मालकी कशी राहावी, अशी शंका येईल. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील इग्लूलिक या इनुइट वस्तीने सत्तरच्या दशकात दूरचित्रवाणी नाकारली होती, कारण तिच्यावर त्यांच्या भाषेत कार्यक्रमच नव्हते. त्याच वस्तीतून झकारियस कुनुक यांचा ‘अटानार्जुआट’ हा संपूर्ण इनुइट भाषेतील चित्रपट निघाला आणि २००१ साली कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचे पारितोषिक त्याने मिळविले. नट तेथलेच, जुन्या पद्धतीचे कपडे शिवणाऱ्या बाया तेथल्याच, म्हणजे मजुरीही तेथेच राहिली. आपल्याकडे रांचीत मेघनाथ आणि बिजू टोप्पो यांनी ‘अखरा’ या संस्थेतर्फे झारखंडातील विस्थापन व खाणी यांवर माहितीपट काढले. अखरा म्हणजे गावातील नाचाचे मोकळे पटांगण. संस्थेचे हे नाव कोणी सहज ठेवले असेल असे वाटत नाही.

सरकारला या बाबतीत काही करावयाचे असेल तर त्याला नवा कायदा लागणार नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा समर्थ आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा महोत्सवाची रक्कम जिल्ह्याच्या ठिकाणी मंडपावर खर्च न करता ग्रामसभेकडे द्यावी. धवलेरीला शिष्या मिळाव्यात म्हणून तिला वर्षभर मानधन द्यावयाचे, तारपा बनविणाऱ्याकडे दोन मुले बसवावयाची, की सगळा पैसा बोहाड्याच्या मुखवट्यांना रंग देण्यात घालवावयाचा, हे गावाने ठरवावे. काही गावे तो पैसा वाया घालवितील. मंडपवाल्याकडे जातो तोही काही फार सार्थकी लागतो असे नाही.

आणखी एक अडचण वेळापत्रकाची आहे. ९ ऑगस्टला कोकणपट्टीत अजून भाताच्या आवणीची धांदल असते, तर तारप्याचा परंपरागत हंगाम पीक तयार होण्याच्या सुमारास सुरू होऊन दिवाळीपर्यंत चालतो. अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपते. तेव्हा मिरवणूक ऑगस्टात निघावी, ती निघतेच. पैसा मात्र भात पिवळे पडण्याच्या आत गावात पोहोचावा.