बाप्तिस्म्यावर एकमत नाही, तरी एकत्र

पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. पाळक होण्यासाठी इथं देशभरातून विद्यार्थी येतात. ईशान्येकडचे तर बरेच. एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. दुसऱ्याच्या मंडळीला तो बाप्तिस्माच मान्य नसतो. आधी माणसानं समजून-उमजून विश्वास ठेवावा आणि मगच पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असं तिचं म्हणणं. हा रीतिरिवाजाचा किरकोळ फरक नव्हे. १५२७ मध्ये झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ याला प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा आग्रह धरला म्हणून लिमाट नदीत बुडवून मारलं, आणि मारणारेही प्रॉटेस्टंटच होते.

मग हे दोघं एका बाकावर आले कसे? त्यासाठी अकोल्याला जावं लागतं.

जानेवारी १९५१. अकोला तेव्हा मध्य प्रदेशात. तिथं जमलेल्या मंडळींच्या आणि मिशनांच्या पुढाऱ्यांनी 'इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया' हा देशव्यापी संघ स्थापन केला. इव्हँजेलिकल म्हणजे ढोबळमानानं असे प्रॉटेस्टंट, ज्यांना बायबलचा अधिकार अंतिम वाटतो, ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणातच तारण दिसतं, प्रत्येकानं स्वतः मन पालटलं पाहिजे असं वाटतं आणि ही सुवार्ता इतरांना सांगणं कर्तव्य वाटतं. एवढं मान्य असलं की पुरे. बाकी बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा केव्हा द्यावा, उपासना कशी चालवावी, हे ज्याचं त्यानं बघावं. संघाच्या उभारणीत पुढे असलेला एव्हरेट कॅटेल हा अमेरिकी मिशनरी क्वेकर होता, आणि क्वेकर परंपरेत पाण्याचा बाप्तिस्माच नाही!

पण अकोलाच का? दिल्ली नाही, मद्रास नाही. याचं उत्तर मला वऱ्हाडाच्या नकाशात दिसतं. एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून परदेशी मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. नगरला अमेरिकन मराठी मिशन, जालन्याला स्कॉटिश, अकोल्याला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, बुलढाण्याला नाझरीन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट. त्यामुळे गावातल्या माणसाचा पंथ बहुधा धर्मशास्त्रानं नव्हे, तालुक्यानं ठरला. वऱ्हाडात अशी छोटी छोटी, स्वभावानं इव्हँजेलिकल मिशनं शेजारी-शेजारी होती. नवरा एका मिशनच्या मुलखातला आणि बायको दुसऱ्याच्या, म्हणजे कागदावर दोन पंथ. घरात मात्र एकच बायबल. परदेशी मिशनरी कधी ना कधी जाणार, हे १९४७ नंतर दिसतच होतं. त्यांची भांडणं वारशात ठेवून घ्यायची कशाला?

आपापला पंथ न सोडता एकत्र येण्याची ही कल्पना मुळात लंडनची. १८४६ च्या ऑगस्टमध्ये तिथं ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातले शेकडो प्रतिनिधी जमले आणि 'इव्हँजेलिकल अलायन्स' निघाली. जगभराची एकच संघटना करायचा त्यांचा बेत होता. तो फसला, आणि कारण बाप्तिस्मा नव्हे. गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद करायचं का, या प्रश्नावर ब्रिटिश आणि अमेरिकन फाटले. देवाबद्दल जुळलेलं माणसाच्या खरेदी-विक्रीवर तुटलं. जागतिक संघ उभा राहायला मग ऑगस्ट १९५१ उजाडावा लागला, नेदरलँड्समधल्या वाउडस्कोटनला. तोवर अकोल्यातला संघ सात महिन्यांचा झाला होता.

मंडळींना एकत्र आणण्याचा दुसरा मार्गही याच विदर्भानं पाहिला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट अशा सहा चर्चनी आपापली वेगळी संघटना मोडून एकच 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' केलं. तिथं बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती घटनेतच मान्य करून घ्याव्या लागल्या. त्यामागे वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी होत्या. अकोल्याची पद्धत म्हणजे सहकारी संस्था: जमीन ज्याची त्याची, काम तेवढं मिळून. ती सोपी आहे आणि म्हणूनच थोडी सोयीचीही. कुणालाच काही सोडावं लागत नाही. नागपूरचा मार्ग मला जास्त धाडसाचा वाटतो. पण कामं झटपट उभी राहिली ती अकोल्याच्या मार्गानं. १९६५ मध्ये भारतीयांनीच चालवलेलं 'इंडियन इव्हँजेलिकल मिशन' निघालं. बिहारच्या दुष्काळात, १९६७ मध्ये, मदतकार्याचा विभाग सुरू झाला. पुढे तो 'एफिकोर' नावानं स्वतंत्र झाला.

आणि सगळ्यात आधी, १९५३ मध्ये, यवतमाळला फ्री मेथडिस्टांच्या बायबल स्कूलमधून ही युनियन सेमिनरी. एकेका मिशनला पदवीपर्यंतचं धर्मशिक्षण परवडणारं नव्हतं, सगळ्यांना मिळून परवडलं. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, सेमिनरी पुण्यात आली.

गंमत म्हणजे पुण्यातली दुसरी मोठी सेमिनरीही बाहेरूनच आलेली. नगर रस्त्यावरची कॅथलिक पेपल सेमिनरी पोप लिओ तेरावे यांच्या पुढाकारानं १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला निघाली आणि १९५५ मध्ये इथं हलली. तिच्या डोक्यावर रोम आहे. बिबवेवाडीच्या डोक्यावर कुणीच नाही. तिथल्या विद्यार्थ्यानं बाप्तिस्म्याबद्दल शेवटी काय मानायचं, हे अकोल्याचा संघ सांगत नाही. ते तो ज्या मंडळीत परत जाणार तिचे ज्येष्ठ आणि पाळक सांगतात.