कॅफीन

कॅफीन हे काही वनस्पतींच्या बिया, पाने व फळांत नैसर्गिकरीत्या आढळणारे अल्कलॉइड गटातील संयुग असून ते मध्यवर्ती चेतासंस्थेला उत्तेजित करते. कॉफी, चहा, कोको, कोलायुक्त शीतपेये आणि ऊर्जापेये हे आहारातील त्याचे प्रमुख स्रोत होत. चेतासंस्थेवर परिणाम करणाऱ्या पदार्थांपैकी कॅफीन हा जगात सर्वाधिक सेवन केला जाणारा पदार्थ मानला जातो. कॅफीनपासून शरीराला ऊर्जा मिळत नाही. मेंदूला थकव्याची जाणीव करून देणारा रासायनिक संदेश ते काही काळ अडवून धरते. त्याचे बहुतेक इष्ट व अनिष्ट परिणाम याच गुणधर्मातून उद्भवतात.

रासायनिक स्वरूप

कॅफीनचे रासायनिक नाव १,३,७-ट्रायमिथिलझँथिन असे आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे १०, नायट्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. शुद्ध कॅफीन हे पांढरे, गंधहीन व कडू चवीचे स्फटिकी चूर्ण असते. २५° से. तापमानाच्या १०० मि.लि. पाण्यात ते सुमारे २ ग्रॅम विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे ६६ ग्रॅम. त्यामुळे चहाची पाने किंवा कॉफीची पूड गरम पाण्यात टाकली असता त्यांतील कॅफीन जलद उतरते. कोकोमधील थिओब्रोमीन आणि चहात अत्यल्प प्रमाणात आढळणारे थिओफायलिन ही संयुगेही याच झँथिन कुळातील आहेत.

इतिहास

कॅफीनयुक्त पेयांचा वापर प्राचीन असला, तरी त्यांतील क्रियाशील घटकाची ओळख एकोणिसाव्या शतकात पटली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे यांनी १८१९ मध्ये कॉफीच्या बियांपासून कॅफीन वेगळे केले. या बिया त्यांना तपासणीसाठी कवी ग्योटे यांनी दिल्या होत्या. १८२७ मध्ये चहापासून वेगळ्या केलेल्या अशाच एका पदार्थाला ‘थेईन’ हे नाव मिळाले. मात्र थेईन व कॅफीन हे एकच संयुग असल्याचे १८३८ मध्ये सिद्ध झाले. एमिल फिशर यांनी १८९५ मध्ये प्रयोगशाळेत कॅफीनचे संश्लेषण केले. शर्करा व प्युरीन गटातील संयुगांवरील कार्यासाठी त्यांना १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेमेन येथील व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी कॉफीतून कॅफीन काढून टाकण्याची व्यापारी पद्धत विकसित केली.

नैसर्गिक स्रोत

कॉफीच्या दोन प्रमुख जातींपैकी अरेबिकाच्या बियांत साधारणतः १.२ टक्के, तर रोबस्टाच्या बियांत २ टक्क्यांहून अधिक कॅफीन असते. चहाच्या वाळलेल्या पानांत हे प्रमाण सुमारे २ ते ४ टक्के, म्हणजे वजनाच्या मानाने कॉफीपेक्षाही जास्त असते. परंतु एक कप चहासाठी पावडर कमी लागत असल्याने तयार चहातील कॅफीन कॉफीपेक्षा कमी भरते. पश्चिम आफ्रिकेतील कोला वृक्षाच्या बिया, ॲमेझॉन खोऱ्यातील ग्वाराना वेलीच्या बिया आणि दक्षिण अमेरिकेतील येर्बा माते या झाडाची पाने हेही कॅफीनचे स्रोत आहेत.

वनस्पतींना कॅफीनचा उपयोग प्रामुख्याने संरक्षणासाठी होतो. कोवळी पाने व बिया यांत साठलेले कॅफीन त्या खाणाऱ्या कीटकांना अपायकारक ठरते. याउलट, कॉफी व लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतील मधुरसात कॅफीन अत्यल्प प्रमाणात असते आणि त्यामुळे मधमाश्यांना त्या फुलांचा गंध अधिक काळ लक्षात राहतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. कॉफी आणि चहा या वनस्पतींत कॅफीन तयार करण्याची क्षमता स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, हे २०१४ मध्ये कॉफीच्या जनुकसंचाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

शीतपेये, ऊर्जापेये व औषधी गोळ्या यांत घातले जाणारे कॅफीन कॉफीतून काढलेले किंवा कारखान्यात संश्लेषित केलेले असते. रेणू एकच असल्यामुळे नैसर्गिक व संश्लेषित कॅफीनच्या शरीरावरील क्रियेत फरक नसतो.

आहारातील प्रमाण

पेयातील कॅफीनचे प्रमाण पानांची वा बियांची जात, पावडरीचे प्रमाण, पाण्याचे तापमान आणि उकळण्याचा वेळ यांवर अवलंबून असते. पुढील आकडे सर्वसाधारण आहेत :

• गाळलेली कॉफी (१५० मि.लि.) : ८० ते १२० मि.ग्रॅ.
• झटपट कॉफी (१५० मि.लि.) : ५० ते ६५ मि.ग्रॅ.
• एस्प्रेसो (३० मि.लि.) : सुमारे ६० मि.ग्रॅ.
• चहा (१५० मि.लि.) : ३० ते ६५ मि.ग्रॅ.
• कोलायुक्त शीतपेय (३३० मि.लि.) : ३० ते ४० मि.ग्रॅ.
• ऊर्जापेय (२५० मि.लि.) : ७५ ते ८० मि.ग्रॅ.
• गडद चॉकलेट (३० ग्रॅम) : १० ते २५ मि.ग्रॅ.
• कॅफीनविरहित कॉफी (२४० मि.लि.) : २ ते १५ मि.ग्रॅ.

महाराष्ट्रात पावडर पाण्यात वा दुधात उकळून चहा करण्याची पद्धत रूढ आहे. बारीक दाणेदार पावडर आणि जास्त वेळ उकळणे या दोन्हींमुळे कॅफीन अधिक उतरते. दूध व साखर घातल्याने त्याचे एकूण प्रमाण घटत नाही. ‘कटिंग’ चहात मात्र पेयाचे आकारमानच कमी असल्याने कॅफीनही कमी मिळते. हिरवा चहा (ग्रीन टी) चहाच्याच झुडपापासून बनतो, त्यामुळे त्यातही कॅफीन असते. गवती चहा ही मात्र गवताच्या कुळातील वेगळी वनस्पती असून तिच्यात कॅफीन नसते. केवळ गवती चहाचा काढा कॅफीनमुक्त असतो, पण चहा पावडरीसोबत उकळल्यास तसे राहत नाही. दक्षिण भारतीय पद्धतीच्या कॉफीत मिसळली जाणारी चिकोरी हीदेखील कॅफीनविरहित असते. म्हणून मिश्रणात चिकोरी जितकी जास्त, तितके कॅफीन कमी.

शोषण व उत्सर्जन

पोटात गेलेले कॅफीन सुमारे ४५ मिनिटांत जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. ते रक्तातून मेंदूत सहज प्रवेश करते, तसेच वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. यकृतातील ‘सीवायपी१ए२’ या विकरामुळे त्याचे विघटन होऊन मुख्यत्वे पॅराझँथिन आणि अल्प प्रमाणात थिओब्रोमीन व थिओफायलिन तयार होतात. ही द्रव्ये पुढील विघटनानंतर मूत्रावाटे बाहेर पडतात.

शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास लागणारा काळ, म्हणजेच अर्धायुकाल, निरोगी प्रौढांत सरासरी ५ तास असतो. सायंकाळी ६ वाजता १०० मि.ग्रॅ. कॅफीन घेतल्यास रात्री ११ वाजता त्यातील सुमारे ५० मि.ग्रॅ. शरीरात शिल्लक असते. व्यक्तीनुसार हा काळ दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतो. धूम्रपानामुळे संबंधित विकराची निर्मिती वाढून तो बराच कमी होतो. याउलट गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत तो जवळपास दुप्पट होतो. गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत तो १५ तासांपर्यंत वाढू शकतो. नवजात अर्भकाच्या यकृतात हे विकर पुरेसे विकसित नसल्याने त्याच्या शरीरातून कॅफीन जाण्यास कित्येक दिवस लागतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन व फ्लुव्होक्सामिन यांसारखी काही औषधे कॅफीनच्या विघटनात अडथळा आणतात.

कार्यपद्धती

पेशी ऊर्जा वापरत असताना अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य तयार होते. जागेपणी मेंदूत त्याचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. चेतापेशींवरील विशिष्ट ग्राहींना अ‍ॅडेनोसिन जोडले गेले की त्या पेशींची सक्रियता मंदावते आणि झोप येऊ लागते. कॅफीनच्या रेणूची रचना अ‍ॅडेनोसिनशी मिळतीजुळती असल्यामुळे ते त्याच ग्राहींवर जागा घेते, परंतु त्यांना कार्यान्वित करत नाही. परिणामी थकव्याचा संदेश पुढे जात नाही, तसेच डोपामिनसारख्या चेतावाहक द्रव्यांचा प्रभाव वाढून व्यक्ती सावध व उत्साही राहते.

या काळात अ‍ॅडेनोसिन नष्ट होत नाही. कॅफीनचा प्रभाव ओसरताच ते ग्राहींना जोडले जाते आणि दबलेला थकवा पुन्हा जाणवू लागतो. झोपेची गरज केवळ झोपेनेच भागते. कॅफीन तिची जाणीव पुढे ढकलते.

शरीरावरील परिणाम

मध्यम प्रमाणातील कॅफीनमुळे सावधपणा व एकाग्रता वाढते आणि प्रतिक्रियेस लागणारा वेळ कमी होतो. वजनाच्या प्रतिकिलोग्रॅम ३ ते ६ मि.ग्रॅ. कॅफीन घेतल्यास दमश्वासाच्या क्रीडाप्रकारांत कामगिरी सुधारते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ मध्ये कॅफीनला प्रतिबंधित पदार्थांच्या यादीतून वगळले.

सर्वांत महत्त्वाचा प्रतिकूल परिणाम झोपेवर होतो. झोपण्यापूर्वी ६ तास घेतलेल्या ४०० मि.ग्रॅ. कॅफीनमुळेही झोप एक तासाहून अधिक घटते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅफीनची गरज भासते आणि हे चक्र चालू राहते. परीक्षेच्या काळातील जागरणे आणि रात्रपाळीचे काम यांत ही स्थिती विशेष आढळते.

कॅफीनमुळे रक्तदाब तात्पुरता वाढतो. नियमित सेवन करणाऱ्यांत हा परिणाम सौम्य होतो. जास्त प्रमाणामुळे छातीत धडधड, हातांना कंप, अस्वस्थता व चिंता ही लक्षणे दिसतात. जठरातील आम्लस्राव वाढत असल्याने काहींना जळजळीचा त्रास होतो. कॅफीन सौम्य मूत्रल आहे. परंतु सवय असलेल्या व्यक्तींत मध्यम सेवनाने शरीरातील पाणी लक्षणीयरीत्या कमी होत नाही. जेवणासोबत चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते, त्याला मात्र कॅफीन नव्हे, तर चहातील टॅनिनसारखी पॉलिफेनॉल द्रव्ये कारणीभूत असतात. मद्यपानानंतर कॉफी घेतल्याने रक्तातील अल्कोहोल कमी होत नाही. केवळ गुंगी कमी जाणवत असल्यामुळे आपण वाहन चालवण्यास समर्थ आहोत असा धोकादायक भ्रम निर्माण होऊ शकतो.

सवय व माघार-लक्षणे

नियमित सेवनाने शरीर कॅफीनला सरावते आणि त्याच प्रमाणाचा परिणाम कमी जाणवू लागतो. सेवन अचानक थांबवल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे सुरू होतात आणि २ ते ९ दिवस टिकतात. चहा-कॉफीही वर्ज्य असलेल्या उपवासात होणाऱ्या डोकेदुखीमागे उपाशी राहण्याबरोबरच हेही एक कारण असू शकते. कॅफीनचे प्रमाण काही दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी केल्यास हा त्रास टाळता येतो.

सुरक्षित मर्यादा व अतिसेवन

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ मधील निष्कर्षानुसार निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मि.ग्रॅ. व एका वेळी २०० मि.ग्रॅ. कॅफीन सुरक्षित आहे. गर्भवती स्त्रियांसाठी ही दैनंदिन मर्यादा २०० मि.ग्रॅ. आहे. गर्भावस्थेतील अधिक सेवनाचा संबंध बाळाचे जन्मवजन कमी असण्याशी आढळला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मि.ग्रॅ. ही मर्यादा सुचवली असून, जेवणापूर्वी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला दिला आहे.

चहा-कॉफीतून प्राणघातक प्रमाण शरीरात जाणे अत्यंत दुर्मीळ आहे. शुद्ध कॅफीन चूर्णाच्या बाबतीत मात्र धोका गंभीर आहे. सुमारे १.२ ग्रॅम कॅफीन अल्पावधीत घेतल्यास झटके येण्यासारखे विषारी परिणाम होऊ शकतात, तर प्रौढांत प्राणघातक प्रमाण साधारणतः १० ग्रॅम मानले जाते. शुद्ध चूर्णाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ३ ग्रॅम कॅफीन मावते आणि घरगुती चमच्याने सुरक्षित प्रमाण मोजणे शक्य नसते. अशा चूर्णाच्या सेवनाने मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ग्राहकांना होणाऱ्या त्याच्या घाऊक प्रमाणातील विक्रीविरुद्ध पावले उचलली.

वैद्यकीय उपयोग

अकाली जन्मलेल्या बालकांत श्वास मध्येच थांबण्याच्या विकारावर कॅफीन सायट्रेट हे प्रमुख औषध असून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. पॅरासिटामॉलसारख्या वेदनाशामकांचा परिणाम वाढवण्यासाठी डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन मिसळले जाते. अशा गोळ्यांतील कॅफीनही दिवसाच्या एकूण प्रमाणात धरावे लागते.

भारतातील नियमन

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘कॅफीनयुक्त पेय’ या वर्गातील पेयांत प्रतिलिटर १४५ ते ३०० मि.ग्रॅ. कॅफीन असू शकते. अशा पेयांच्या वेष्टनावर कॅफीनचे प्रमाण जास्त असल्याची सूचना, तसेच ते लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि कॅफीनला संवेदनशील व्यक्ती यांच्यासाठी योग्य नसल्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. कॉफी व चिकोरीच्या मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर नमूद करणे आवश्यक असते.