एकटा पालक आणि शाळेची पहिली पायरी

मूल शाळेत जाण्यास तयार झाले, असे आपण केव्हा म्हणावे? मुळाक्षरे पाठ झाली म्हणजे नव्हे. हवे ते सांगता येणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, गोष्ट ऐकून घेणे आणि घरच्या माणसाचा हात सोडून परक्या बाईंजवळ विश्वासाने बसणे, या गोष्टी थोड्याफार साधल्या की मूल तयार झाले.

वैधव्यामुळे म्हणा, घटस्फोटामुळे म्हणा, ज्या घरात आई किंवा वडील एकटेच संसार ओढतात, तेथील मूल यात मागे पडणारच, असा समज आहे. परंतु उणीव नेमकी कशाची, हे पाहिले पाहिजे. त्या घरात माया कमी नसते. बहुधा कमी पडतो तो पैसा आणि वेळ. मिळवायचे त्याच माणसाने आणि रांधायचेही त्यानेच. मग मुलाच्या शंभर प्रश्नांना उत्तरे केव्हा द्यावीत? आणि भाषा तर बोलण्यातूनच येते.

ही उणीव बाहेरून भरून निघते काय? अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथे १९६२ ते १९६७ या काळात याचा पडताळा घेतला गेला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडली. त्यांत एकट्या पालकाची पुष्कळ होती. ५८ मुलांना बालशाळा मिळाली, शिवाय शिक्षिका दर आठवड्यास घरी जाऊन आईबरोबर बसत. उरलेल्या ६५ मुलांना यातले काही मिळाले नाही. बुद्धिमापनातील आघाडी काही वर्षांत ओसरली. परंतु चाळिशीपर्यंत मागोवा घेतला तेव्हा बालशाळेतील मुलांचे शिक्षण आणि मिळकत सरस आढळली. घरातील पालकांची संख्या वाढली नव्हती. पालकाला सोबत मिळाली होती.

ही सोबत आपल्याला परकी नाही. १९२१ साली घटस्फोट झाल्यावर ताराबाई मोडक यांनी मुलीला एकटीने वाढवले. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. १९७५ पासून सरकारी योजनेतून देशभर पोहोचलेल्या अंगणवाडीचे मूळ या विचारात आहे.

तेव्हा मूल शाळेसाठी तयार आहे काय, एवढेच विचारून भागणार नाही. पालकाच्या कामाच्या वेळेशी जुळणारी बालवाडी आपल्या पेठेत आहे काय? संध्याकाळी शेजारच्या मुलाला गोष्ट सांगणारे आजोबा आपल्या वाड्यात आहेत काय? मुलाच्या तयारीचा अर्धा भाग आपल्याकडे आहे.