बेहरमनला गाणं का नाही?

यंदा नाताळच्या कार्यक्रमासाठी आमच्या मंडळाने पंचवीस मिनिटांची छोटी संगीतिका बसवली. गोष्ट घेतली ओ. हेन्री यांची ‘द लास्ट लीफ’. तालमीत सगळ्यात मोठा वाद झाला तो एकाच प्रश्नावर: म्हाताऱ्या बेहरमनला शेवटी गाणं द्यायचं की नाही? त्या वादात मला ही गोष्ट नव्याने कळली, म्हणून हा लेख.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही कथा १९०७ च्या ‘द ट्रिम्ड लॅम्प’ या संग्रहात आहे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये भाडं कमी, म्हणून तिथे चित्रकारांची वस्ती. सू आणि जॉन्सी या दोन मैत्रिणी तिथे एका तीन मजली घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. सू मासिकांतल्या कथांसाठी चित्रं काढते. नोव्हेंबरात जॉन्सीला न्यूमोनिया होतो. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली, म्हणजे तेव्हा या दुखण्यावर खात्रीचं औषध नव्हतंच. डॉक्टर सांगतात, वाचण्याची शक्यता दहात एक, आणि तीही तिने जगायचं मनावर घेतलं तर. जॉन्सी मात्र खिडकीतून समोरच्या भिंतीवरच्या वेलीची पानं मोजत पडलेली. शेवटचं पान गळलं की आपणही जाणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

खालच्या मजल्यावर बेहरमन राहतो. वय साठीच्या पुढे. चाळीस वर्षं हातात ब्रश, पण नाव काही झालं नाही. एक दिवस मोठी कलाकृती काढणार म्हणून पंचवीस वर्षं त्याचा कॅनव्हास कोराच. दारू पितो, कुरकुरतो, इतरांपुढे मॉडेल म्हणून बसून चार पैसे मिळवतो. पण एका वादळी रात्री हाच म्हातारा शिडी आणि कंदील घेऊन बाहेर पडतो आणि भिंतीवर एक पान रंगवतो. जॉन्सीला वाटतं, पान टिकलं. ती बरी होते. भिजलेला बेहरमन न्यूमोनियानेच जातो.

आता याची संगीतिका कशी करायची? काही जागा तर आयत्याच मिळतात. जॉन्सी पानं उलटी मोजते, बारा, अकरा, दहा, आणि मग दोन पानं जवळजवळ एकदमच गळतात. हा तालच आहे! आम्ही तिच्या गाण्यात दर फेरीला एक मात्रा कमी केली. ऐकणाऱ्याला आपोआप धाकधूक वाटते. बेहरमनच्या कोऱ्या कॅनव्हासवर एक गमतीचं गाणं केलं. सू जॉन्सीच्या खोलीत येताना शिट्टी वाजवते, असं कथेतच आहे, तेही घेतलं.

अडलं ते वादळाच्या रात्रीपाशी. बेहरमनचं काम करणाऱ्या मित्राचा आवाज आमच्यात सगळ्यात चांगला. त्याने या प्रसंगासाठी सुंदर चाल लावून आणली होती. त्याचं म्हणणंही बरोबर होतं. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला सवयच आहे की मन भरून आलं की पात्र पद म्हणतं. मग एवढ्या मोठ्या त्यागाला गाणं नाही, हे कसं?

आम्ही पुन्हा मूळ कथा काढली. त्या रात्री सू आणि बेहरमन खिडकीतून वेलीकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात आणि काहीच बोलत नाहीत. एवढंच. पान रंगवण्याचा प्रसंग लेखकाने लिहिलेलाच नाही! आपल्याला तो कळतो सूच्या तोंडून, शेवटी, तो गेल्यावर. सापडतात फक्त भिजलेले कपडे, कंदील, शिडी आणि हिरवा-पिवळा रंग कालवलेली पॅलेट.

मला वाटतं, सगळी गोष्ट इथेच आहे. बेहरमन गायला असता तर प्रेक्षकांना आधीच कळलं असतं, हा झाला तांत्रिक मुद्दा. खरा मुद्दा वेगळा आहे. मी तुझ्यासाठी जीव देतोय, असं गाऊन सांगितलं की त्यात ‘मी’ आला. आणि जॉन्सीला ते कळून चालणारच नव्हतं. पान खरं वाटलं तरच ती वाचणार होती. म्हणजे त्याचं सगळ्यात चांगलं चित्र कुणी चित्र म्हणून ओळखू नये, यातच त्याचं यश.

कुणीतरी विचारलं, कथेत नाताळ कुठे आहे? नाही. पण दान गुप्तपणे करावं, ही येशूची शिकवण आपण कॉलेजच्या प्रार्थनेत किती वेळा ऐकतो! नाताळला याहून जवळची गोष्ट मला तरी सुचत नाही.

शेवटी मित्राने आपली चाल बाजूला ठेवली. त्याला वाईट वाटलं, हे दिसत होतं. प्रयोगात तो कंदील घेऊन विंगेत गेला, आणि अंधारात पेटीचा एकच सूर तेवढा राहिला. ती पेटी आत बसून तोच वाजवत होता.

कार्यक्रमानंतर एका सरांनी जॉन्सीच्या गाण्याचं कौतुक केलं आणि विचारलं, ‘‘वादळात पेटीवर कोण होतं रे?’’ तो नुसता हसला. आम्हीही सांगितलं नाही.