विमानांचा मेळा आणि पाठीवरचें ओझें

मेळा म्हटला कीं मुक्काम आला, आणि मुक्काम म्हटला कीं सामान आलें. ज्याच्या दाराशीं मोटार उभी असते त्याला या सामानाची फारशी चिंता नसते. अंथरुणें, डबे, पाण्याचे कॅन, छत्र्या असें सारें मागच्या बाजूस कोंबलें कीं झालें. मोटार हेंच त्याचें कोठीघर आणि पाऊस आला तर तेंच त्याचें छप्पर. ज्यास मोटार नाहीं त्याला मात्र यांतील प्रत्येक सोय एक तर पाठीवर वाहून न्यावी लागते, नाहीं तर ती मुक्कामाच्या जागीं कोणी तरी करून ठेवलेली असावी लागते. विमानांच्या मोठ्या मेळ्यांना हा नियम विशेष लागू पडतो. कारण विमानतळ बहुधा वस्तीपासून दूर, उघड्या माळावर असतो आणि धावपट्टीच्या आसपास झाडाची सावली नसते.

गडहिंग्लजच्या एखाद्या विमानवेड्या तरुणाचें उदाहरण घ्यावें. हिरण्यकेशीकांठच्या या गांवास रेल्वे नाहीं. परंतु एका अंगास कोल्हापूरचा उजळाईवाडीचा आणि दुसऱ्या अंगास बेळगांवचा सांबऱ्याचा असे दोन विमानतळ त्याला जवळ आहेत. तथापि नाना जातींचीं विमानें एके ठिकाणीं पाहावयाचीं, तर त्यास बंगळूर गांठावें लागतें. तेथें येलहंका येथील हवाई दलाच्या तळावर १९९६ सालापासून, साधारणतः दर दोन वर्षांनीं, ‘एअरो इंडिया’ हें प्रदर्शन भरतें. संकेश्वरपर्यंत एस्. टी. आणि तेथून महामार्गानें रात्रभर बस, असा हा प्रवास आहे. तळावर प्रेक्षकांच्या मुक्कामाची सोय नसते. शहरांत उतरून रोज जावें-यावें लागतें. मोटार नेणारे तेथें अगदीं निर्धास्त असतात असेंही नाहीं. २३ फेब्रुवारी २०१९ रोजीं प्रदर्शनाच्या वाहनतळावर वाळल्या गवतांतून आग पसरली आणि सुमारें ३०० मोटारी जळून गेल्या.

विमानांच्या शेजारींच तंबू ठोकून आठवडाभर राहावयाचें, हा प्रकार पूर्णपणें रुजला तो अमेरिकेंत. स्वतःच्या हातानें विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था पॉल पोबरेझ्नी यांनीं १९५३ सालीं विस्कॉन्सिन राज्यांत स्थापन केली. तिचा वार्षिक मेळा प्रथम मिलवॉकी येथें, १९५९ पासून रॉकफर्ड येथें आणि १९७० पासून ऑशकॉश या गांवीं भरत आला आहे. जुलैच्या अखेरीस भरणाऱ्या या मेळ्यास २०२४ सालीं ६ लाख ८६ हजार लोकांची हजेरी लागली. मेळ्यासाठीं त्या मुलखांत उतरणाऱ्या विमानांची संख्या १० हजारांवर जाते. हा छंद महाराष्ट्रास परका आहे असें मात्र कोणी समजूं नये. कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ सालच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें आणि २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली.

ऑशकॉशला लहान विमानें उतरतात ती रीतही पाहण्याजोगी आहे. रिपन गांवापासून फिस्क गांवापर्यंत तीं रेल्वेच्या रुळांवरून, एकामागें एक, अर्ध्या मैलाच्या अंतरानें आणि ९० नॉट म्हणजे ताशीं सुमारें १६७ किलोमीटर वेगानें येतात. जमिनीवरचा नियंत्रक विमानाचा रंग व घडण पाहून त्यास हांक मारतो आणि पंख हालविण्यास सांगतो. वैमानिक उलट बोलत बसत नाहीं, पंख हालवून होकार देतो. उतरल्यावर विमान गवतावर रांगेंत लावावयाचें, जमिनीशीं बांधावयाचें आणि त्याच्याच पंखाशेजारीं तंबू ठोकावयाचा. म्हणजे ज्यांच्यापाशीं विमान आहे, तेच या मेळ्यांत मोटारीवाचून राहत असतात! मेळ्याच्या आवारांतील फिरत्या गाड्या, स्नानगृहें आणि किराणा दुकान यांवर त्यांची भिस्त असते.

या वैमानिकांस सामान किती आणतां येतें, याचा हिशेब उद्बोधक आहे. सेस्ना १७२ हें जगांत फार प्रचलित असलेलें चार आसनी विमान. माणसें, इंधन आणि सामान मिळून तें ढोबळ मानानें ४०० किलो वजन उचलतें. टाक्या भरल्या कीं सुमारें २०० लिटर इंधनाचे १४४ किलो झाले. प्रत्येकीं ७५ किलोचे तिघे बसले कीं आणखी २२५ किलो गेले. उरले ३१ किलो. म्हणजे माणशीं दहा किलो! शिवाय तें ओझें कोठें ठेवावें हाही प्रश्न असतोच. बैलगाडींत मागें भार अधिक झाला कीं गाडी उलाळ होते आणि जूं वर उचललें जातें. विमानांत शेपटीकडे भार अधिक झाला तर त्याचें नाक असेंच वर जाऊं पाहतें, आणि आकाशांत तें सांवरणें जिवावर बेतूं शकतें. म्हणून सेस्नाच्या मागील सामानाच्या जागेस ५४ किलोची स्वतंत्र मर्यादा घातलेली आहे.

मोटार नसलेला पायीं प्रवासी पाठीवर जें ओझें न दमतां वाहूं शकतो, तेंही दहा-पंधरा किलोंच्या आंतबाहेरच असतें. म्हणजे वैमानिकाचा आणि पादचाऱ्याचा हिशेब एकच ठरतो. दहा किलोंत काय बसतें? अडीच किलोचा लहान तंबू, दोन किलोंचें अंथरूण-पांघरूण, अडीच किलोंचे कपडे, अर्ध्या किलोचा पावसाळी कोट, किलोभर वजनाची ताटली, पेला, विजेरी आणि औषधें, आणि एक लिटर पाणी म्हणजे आणखी एक किलो. बेरीज साडेनऊ. परदेशीं जाणाऱ्यानें आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शेगडीचें इंधन विमानांतून नेऊं देत नाहींत, तें मुक्कामीं विकत घ्यावें. आणि टोकदार मेखा हातपिशवींत न ठेवतां मोठ्या सामानांत घालाव्या.

तंबूच्या मेखांकडे दुर्लक्ष करून भागत नाहीं. ३१ मार्च २०११ रोजीं फ्लोरिडांतील लेकलंड येथें अशाच मेळ्यावर वादळ कोसळलें. तंबू उडाले आणि कित्येक विमानें उलथून मोडलीं. मेख दोरीच्या ओढीच्या विरुद्ध बाजूस कलती ठोकावी आणि भिजल्या जमिनींत ती रोज सायंकाळीं पुन्हा चेपावी, हें गुरें बांधणाऱ्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. शहरच्या माणसास सांगावें लागतें. २०१० सालीं ऑशकॉशला इतका पाऊस झाला कीं गवताची जमीन विमानांचा भार सोसेना आणि तंबूंच्या तळावर पाणी सांचलें. यास्तव तंबू खळग्यांत न लावतां चार बोटें का होईना, उंचवट्यावर लावावा. विमानाच्या पंखांत इंधनाच्या टाक्या असतात, म्हणून पंखाखालीं चूल कधींही पेटवूं नये.

एवढें केल्यावरही एक वस्तू अशी राहते कीं जिचें वजन कोणत्याही युक्तीनें कमी होत नाहीं. ती म्हणजे पाणी. उन्हांत दिवसभर उभें राहणाऱ्यास तीन-चार लिटर पाणी लागतें, आणि तितकेच किलो त्याचें ओझें होतें. तें घरून आणणें पादचाऱ्यास शक्य नाहीं. तें जागेवर मिळालेंच पाहिजे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजीं चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती पाहण्यास दहा लाखांहून अधिक लोक जमले होते. बहुसंख्य लोक रेल्वेनें, बसनें आणि पायीं आले होते. त्या दिवशीं उन्हाच्या तापानें व गर्दीच्या हालांनीं पांच माणसें दगावलीं. पिण्याचें पाणी मिळालें नाहीं आणि परतीच्या गाड्यांत पाय ठेवण्यास जागा नव्हती, अशा तक्रारी पुष्कळ झाल्या. आकाशांतील कसरती पाहावयास गेलेलीं माणसें जमिनीवरील साध्या सोयींवांचून प्राणास मुकलीं, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

पायीं येणाऱ्या लाखोंची व्यवस्था लावणें महाराष्ट्रास नवें नाहीं. आषाढीच्या वारींत दिंडीचें जड सामान ट्रकमधून पुढें जातें, मुक्कामीं पालें आधींच उभीं राहतात, पाण्याचे टँकर वाटेवर ठेवलेले असतात. वारकऱ्याच्या खांद्यावर एक पडशी आणि हातीं पताका असली कीं पुरे होतें. ओझें वांटून घेतल्यानेंच ती वाट वृद्धांस आणि बायाबापड्यांसही चालतां येते. विमानांचे मेळे भरविणारांनीं हा धडा घेण्यासारखा आहे.

आणि जाणारानें निघण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे: पाणी कोठें मिळेल, सावली कोठें आहे, वादळ आल्यास आसरा कोठें घ्यावा, आणि परतीची शेवटची गाडी कितीची आहे. यांचीं उत्तरें मिळालीं तर गडहिंग्लजच्या तरुणानें दहा किलोंची पिशवी पाठीस लावून खुशाल निघावें. एखाद्याचेंही उत्तर मिळालें नाहीं तर घरच्या म्हाताऱ्यांस आणि लहान मुलांस बरोबर नेऊं नये. त्यांच्यासाठीं त्या दिवशीं घरचा दूरदर्शन-संचच बरा.